हाताच्या अंतरावर

पडद्यापलीकडून लोर्ना बेहलिंगला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "मिस्टर वुटके, नाक पुढं. अजून पुढं. नाक पायाच्या बोटांवर आल्याशिवाय ढुंगण उचलायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही, कळलं?" शब्द तिचे, कोरडेपणा तिचा, वाक्याच्या शेवटी कात्री मिटावी तसा येणारा तो बारीक टक् आवाजही तिचाच. आणि ती तर इथं उभी होती, पडद्याच्या अलीकडे, टॉवेलात गुंडाळलेली शेकाची पिशवी दोन्ही हातांत धरून. मग पलीकडे कुणीतरी हसलं. तो एल्डन वुटके होता. अर्धांगाचा झटका येऊन इथं दाखल झाल्यापासून हा म्हातारा हसला नव्हता. हसायला लागणारं तोंड आता त्याच्याकडे अर्धंच उरलंय, असं लोर्नानं मनाशी ठरवून टाकलं होतं. पण हसू निघालं ते पुरेसं होतं. खोकल्यासारखं, गंजलेलं, ओलं. शेकाची ऊब टॉवेलातून तिच्या तळहातांपर्यंत आली, मग चटका बसायला लागला, तरी ती तशीच उभी राहिली.

तिनं पडदा सारला तेव्हा ब्रेडी लुकासिक दचकला नाही. दचकला असता तर तिनं त्याला थोडं तरी माफ केलं असतं. "या, लोर्ना!" तो म्हणाला. "आम्ही तुमचीच उजळणी करत होतो. जमतंय ना?"

"ढुंगण हा शब्द मी वापरत नाही," लोर्ना म्हणाली.

"खरंच की. ती भर माझी." यावर म्हातारा पुन्हा हसला, आणि हसताना त्याच्या ओठाच्या लुळ्या कोपऱ्यातून ओघळलेली लाळ ब्रेडीनं इतक्या सहज टिपली, की पुसणं आणि बोलणं एकाच हालचालीत उरकलं. बारच्या फळीवरचा सांडलेला थेंब टिपावा तसं.

कारण तो बारवालाच होता. तिचा विद्यार्थी म्हणायचा त्याला. तो शब्द उच्चारताना लोर्नाच्या जिभेला कस लागे. तिशी ओलांडलेला दाढीवाला बाप्या. इतकी वर्षं वॉटर स्ट्रीटवर लोकांचे ग्लास भरले, आणि मग एके दिवशी याला साक्षात्कार झाला की आपला जन्म माणसांना मदत करण्यासाठी आहे. अशा साक्षात्काऱ्यांसाठी टेक्निकल कॉलेजात फिजिओथेरपीच्या सहायकांचा अभ्यासक्रम असतो. तिथं हाडांची नावं पाठ करून झाली, एकमेकांना खुर्चीतून उठवायची नाटकं करून झाली, की कॉलेज त्यांना खऱ्या माणसांवर सोडतं आणि शेजारी लोर्नासारख्या कुणाला तरी उभं करतं. लोर्नाही सहायकच. तपासणारा, काय करायचं ते ठरवणारा फिजिओथेरपिस्ट वेगळा असे. तो सकाळी वाऱ्यासारखा फिरून जाई. बसवायचं, उठवायचं, चालवायचं आणि पडू द्यायचं नाही, हे काम सहायकाचं. मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या त्या पुनर्वसन केंद्रात ती वीस वर्षं हे करत होती आणि तिच्या हातून एकही माणूस पडला नव्हता. हे ती कुणाला सांगत नसे. सांगण्याच्या लायकीचं तिथं होतंच कोण? कॉलेजचं म्हणणं, विद्यार्थी रुग्णाला हात लावत असताना देखरेख करणारा नजरेच्या टप्प्यात हवा. लोर्नाचा नियम हाताच्या अंतराचा होता. नजरेनं कुणाला पकडता येत नाही, हे कॉलेजातल्या पोटभरू मंडळींना कोण सांगणार?

तिला त्या इमारतीतली एकूणएक गोष्ट वैताग आणणारी वाटे. भिंतीवरचं "प्रत्येक पाऊल हा एक उत्सव आहे" असं लिहिलेलं चित्र, त्यातली ती पांढऱ्या केसांची, सगळे दात शाबूत असलेली बाई. कुणी चालायच्या सरावाच्या दोन कठड्यांमधून धडपडत पलीकडे पोचला की टाळ्या वाजवणाऱ्या नर्सा. म्हाताऱ्यांना "राजा", "सोन्या" म्हणणं. उत्सव कसला? माणसाला एका सकाळी स्वतःच्या संडासापर्यंत जाता येईनासं होतं आणि मग एक अनोळखी बाई त्याच्या कमरेला पट्टा बांधून त्याला पुन्हा शिकवते. यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे? लोर्ना टाळ्या वाजवत नसे. ती मिस्टर म्हणे, मिसेस म्हणे, पट्टा बांधे, खुर्चीची चाकं अडकवलीत का ते पायानं चाचपून बघे, लुळ्या बाजूला अर्धं पाऊल मागे उभी राही आणि सांगे: नाक पुढं. तिला शिकवलं होतं मिसेस थॉर्सननी, दगडी चेहऱ्याच्या बाईंनी. आपल्या हाताखालच्या मुलींपैकी एकीचंही त्यांनी कधी कौतुक केलं नाही. लोर्नानं एकदा पट्टा सैल बांधला तर त्यांनी तिलाच तो बांधून, आख्ख्या खोलीसमोर, खुर्चीतून उठवलं आणि बसवलं, उठवलं आणि बसवलं, पट्टा काखेपर्यंत सरकून श्वास अडकेपर्यंत. त्या रात्री लोर्ना रडली होती आणि रडता रडता तिला वाटलं होतं, की आपल्याला गांभीर्यानं घेणारं पहिलंच माणूस आज भेटलं. आता ब्रेडीला असं उठवून बसवलं तर? तो हसला असता. म्हणाला असता, "बरोबर, बरोबर, माझंच चुकलं." त्याला चूक दाखवली की तो असा चटकन हो म्हणे, की चूक हातातून निसटून जाई. चाकं अडकवायला विसरला: माझंच चुकलं. खुर्चीचं पाय ठेवायचं पायटेकू बाजूला केलं नाही: अरेच्चा, माझंच. त्याच्या कबुलीला वजनच नव्हतं.

आणि तो म्हाताऱ्याला "बॉस" म्हणे. "काय बॉस, आज शहरात बर्फ पडलाय, गाडी काढायची का?" एल्डन वुटके जन्मभर शहराची बर्फ हटवायची गाडी चालवत होता, लोर्नाला हे ब्रेडीकडून कळलं. तिनं विचारलंच नव्हतं. ज्याचा गुडघ्याशी संबंध नाही ते ती विचारत नसे. पण तो "बॉस" शब्द तिच्या पोटात जुन्या ठिकाणी जाऊन लागे. तिच्या बापाला बारवाला बॉस म्हणायचा. लिंकन अव्हेन्यूवरच्या त्या अंधाऱ्या, ओल्या लोकरीचा आणि तळलेल्या कांद्याचा वास येणाऱ्या खोलीत आई तिला पाठवी, बापाला घेऊन ये म्हणून. बारवाला तिला उंच स्टुलावर बसवून ग्लासातली लाल चेरी देई, आणि बापाला म्हणे, "बॉस, तुमची साहेबीण आली." सगळे हसत. बाप हसे. बाप तिथं किती छान हसे! घरी आल्यावर तो माणूस पुन्हा गप्प, पडक्या शेडसारखा. परत येताना फुटपाथवर काळा बर्फ असे, डोळ्यांना न दिसणारा, काचेसारखा निसरडा, आणि ती बापाचा हात न धरता चार पावलं मागून चाले, त्याच्या डुलणाऱ्या ओव्हरकोटावर नजर ठेवून. तो घसरायचा, सावरायचा. घसरायचा, सावरायचा. दर वेळी सावरला की तिच्या पोटात काहीतरी खाली बसे. ती भीती होती असं ती मोठेपणी धरून चालली होती.

त्या शुक्रवारी ती नेहमीप्रमाणे बहिणीबरोबर तळलेला मासा खायला गेली तेव्हा तिनं हे नकलेचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. कार्लानं काटा खाली ठेवला. "करून दाखव ना. कशी केली नक्कल?"

"मी माझी नक्कल करू?"

"नाक पुढं!" कार्ला म्हणाली, आणि आजूबाजूची दोन टेबलं वळून बघतील इतक्या मोठ्यानं हसली. "अगं, लहानपणापासून आपल्या घरात सगळे तुझी नक्कल करायचे. तुला माहीत नव्हतं? बाबा तर झकास करायचे."

"बाबा?"

"बारमध्ये. लोक फर्माईश करायचे म्हणे." मग बहिणीचा चेहरा बघून कार्लानं बटाट्याची वाटी तिच्याकडे सरकवली. "जाऊ दे गं. तुला कुणी आवडतच नाही, मग लोकांनी हसायचं तरी नाही का?" लोर्नानं मासा संपवला. तळण उत्तम होतं. घरी जाताना गाडीच्या काचेवर, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा पांढरा थर साचला होता आणि काच धुवायची पाण्याची फवारणी गोठून गेलेली. त्या धुरकट काचेतून रस्ता कसाबसा बघत तिनं गाडी चालवली. तिच्या मनात बाप नव्हताच, ब्रेडी होता. त्याला नापास करावं असं तिला वाटलं. मग वाटलं, हे आपल्याला आजच का वाटतंय. मग त्या दुसऱ्या विचाराचा राग आला, कारण तो निष्काळजी होताच. नक्कल केली नसती तरी होता. पण आता ते तिचं तिलाच वेगळं काढता येईना. त्या हसण्यानं तिच्या रागात पाणी घातलं होतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी कर्टिसनं, म्हणजे केंद्राच्या व्यवस्थापकानं, तिला दारातून हाक मारली. कुठल्याशा नव्या खुर्च्यांबद्दल काहीतरी. "ब्रेडी, मी येईपर्यंत बसूनच व्यायाम," ती म्हणाली आणि गेली. परत आली तेव्हा तिला दारातून लांबच्या लांब खोली दिसली. खिडकीतून येणारा करडा उजेड, गाद्यांची टेबलं, लाकडी कठडे, आणि पलीकडच्या टोकाला, दाराकडे तोंड करून, चाकाच्या खुर्चीत एल्डन वुटके. त्याच्या डाव्या बाजूला वाकलेला ब्रेडी. ब्रेडीनं तिचं सांगणं ऐकलं नव्हतं. तो त्याला उठवत होता. "मग काय बॉस, त्या टेकाडावर गाडी घसरली की काय करायचात?" "ब्रेक नाही लावायचा," म्हातारा जड जिभेनं सांगत होता. "ब्रेक लावला की मेलास." पट्टा खुर्चीच्या मागच्या मुठीला लटकत होता.

तिला तो दिसला. यात काही शंका ठेवायला जागा नव्हती. पुढं तिनं स्वतःशी पुष्कळ वाद घातले, पण पट्टा दिसला नाही असं म्हणायची सोय तिनं स्वतःला कधी दिली नाही. एक शब्द पुरेसा होता. थांबा. तो शब्द तिच्या तोंडात तयार होता, त्याची चव लागत होती, जिभेचं टोक दातांना टेकलंही होतं. आणि ती बोलली नाही. म्हाताऱ्याचं नाक पुढं आलं. उजवा हात खुर्चीच्या हातावर दाबला गेला, मनगटाच्या शिरा फुगल्या. तिच्या मनात विचार असा नव्हताच. एक शांतता होती, एक प्रकारचा नीटनेटकेपणा, आता सगळं आपापल्या जागी पडेल असा. पडेल. आता टाळ्या वाजणार नाहीत. आता "माझंच चुकलं" पुरणार नाही. डावा गुडघा थरथरला आणि आत वळायला लागला, ज्या बाजूला तो वळणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिच्या पोटात तेच जुनं काहीतरी चढत गेलं; काळ्या बर्फावरचं, ओव्हरकोटामागून चालतानाचं. तेव्हा म्हाताऱ्यानं मान वर केली. समोर बघायचं, पायांकडे नाही, असं तिनंच त्याला शिकवलं होतं. समोर दार होतं, दारात ती होती.

ब्रेडीनं आपला गुडघा त्याच्या गुडघ्याला टेकवला, पॅंटचा कमरेचा भाग मुठीत धरला आणि म्हातारा उभा राहिला. वाकडा, थरथरता, पण उभा. "उठला!" ब्रेडी ओरडला. "लोर्ना, बघितलंत? गुडघा माझ्यावर पडला नाही, त्यांनी स्वतः सरळ केला!" आणि लोर्नाला जे झालं ते तिला लगेच, स्पष्ट, नावासकट कळलं. तिची निराशा झाली होती. तो सावरला होता आणि तिच्या पोटातलं ते खाली बसलं होतं.

मग ती खोलीभर आवाज घुमेल अशी बोलली. पट्टा कुठाय? बसून व्यायाम सांगितला होता की नाही? पॅंटला धरतात माणसाला? पॅंट फाटली असती, खुब्याचं हाड मोडलं असतं, या वयात खुबा मोडला की माणूस पुन्हा घरी जात नाही, हे कुठल्या बारमध्ये शिकवत नाहीत. शब्दन् शब्द बरोबर होता. ब्रेडीचा चेहरा पहिल्यांदाच पांढरा पडला आणि तो "माझंच चुकलं" म्हणाला नाही. तिला ते हवं होतं, इतके दिवस हवं होतं, आणि आता मिळालं तर बेचव. म्हातारा खाली बसला होता. तो ब्रेडीकडे बघत नव्हता. त्याचा चांगला डोळा आणि त्याचा लोंबणारा डोळा दोन्ही लोर्नावर होते.

तिनं कॉलेजला फोन केला. करणं भागच होतं. दोन दिवसांनी तिथून नेडीन फ्रे आल्या. विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामावर लक्ष ठेवणाऱ्या बाई. गळ्यात रंगीत मफलर, आवाजात बालवाडी. जेवणाच्या रिकाम्या खोलीत तिघं बसली. बाईंनी आधी वाढ, प्रवास, संवाद असे शब्द टेबलावर मांडून घेतले. लोर्नाला वाटलं, या बाईला एखाद्या धिप्पाड माणसाच्या लुळ्या बाजूला उभं करावं आणि बघावं, संवाद कितपत उपयोगी पडतो.

"ब्रेडी, तुला काय वाटतं, काय झालं?"

"पट्टा नाही बांधला," ब्रेडी म्हणाला. "गप्पांत राहून गेलं. आणि उठवायचं नव्हतं, तरी उठवलं. ते म्हणाले, चल उभं राहू, मलाही वाटलं आज जमेल."

"हं. हे तू मोकळेपणानं सांगतोयस, छान." मग त्या लोर्नाकडे वळल्या, सहज, फक्त राहिलेली जागा भरायची म्हणून. "तेव्हा तुम्ही कुठं होता?"

लोर्नानं तोंड उघडलं. दारात, हा एवढासा शब्द. दारापासून खिडकीपर्यंतची ती लांबलचक फरशी तिच्या डोळ्यांसमोर आली. आणि तेवढ्यात ब्रेडी बोलला. "इथंच होत्या. जवळच. त्यांनीच थांबवलं मला." त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. फळीवरचं सांडलेलं पुसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळावं, तसं.

नेडीन फ्रे समाधानी झाल्या. ताकीद द्यायची, देखरेख वाढवायची, इथंच पुढं चालू ठेवायचं असं ठरलं. लोर्ना खोलीबाहेर पडली ती सरळ ब्रेडीच्या मागे. तो मागच्या दाराशी, जिथं स्वयंपाकघरातली माणसं सिगारेट ओढतात, तिथं कोट चढवत होता. सरोवरावरून येणारा वारा कचऱ्याच्या डब्यांची झाकणं वाजवत होता.

"तू खोटं का बोललास?"

"मोठंसं खोटं नव्हतं ते."

"मी दारात होते. तुला ठाऊक होतं."

"मला तेव्हा नव्हतं ठाऊक. नंतर एल्डननं सांगितलं." त्यानं टोपी कानांवर ओढली. "म्हणाला, ती बघत होती. मी म्हटलं, असतं एखाद्याचं. दहा वर्षं बारमध्ये काढली की कळतं हो, माणसाचा एखादा दिवस वाईट असतो. तुम्ही माझ्यावर चिडला होता. मी नक्कल करायला नको होती."

"तुला काय हवंय माझ्याकडून? पास व्हायचंय?"

तो खरोखर गोंधळला. "व्हायचंच आहे की. पण त्यासाठी नाही म्हटलं मी." आणि मग, हे त्यानं केलं नसतं तर कदाचित पुढचं काही झालं नसतं, त्यानं तिच्या दंडावर थोपटलं. दोनदा, हलकेच. "जाऊ द्या, लोर्ना. झालं गेलं."

तिला ते सहन होईना. तिथं उभ्या उभ्या तिला कळलं, की या माणसानं आपल्याला माफ केलंय. इतक्या सहज, बिनवजनाचं, जसा तो स्वतःच्या चुका माफ करतो. यापुढं रोज सकाळी हा येणार, "या लोर्ना" म्हणणार, आणि ती त्याच्या चांगुलपणाच्या छपराखाली काम करणार. तो तिचं सावरून घेणार. बारवाल्यानं तिला स्टुलावर बसवलं होतं आणि चेरी दिली होती. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. निदान तेव्हा नव्हता. ती तशीच, कोट न घालता, पार्किंगमध्ये गेली. नेडीन फ्रे गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होत्या.

"मी जवळ नव्हते," लोर्ना म्हणाली. "दारात होते. पट्टा नाही हे मला दिसत होतं."

बाई थांबल्या. "अच्छा. म्हणजे... थांबवायला वेळ मिळाला नाही?"

"मिळाला होता."

"मग?"

"थांबवलं नाही. तो पडावा असं वाटत होतं."

"कोण, ब्रेडी?" बाईंनी गोंधळून विचारलं, आणि लोर्नाला त्या क्षणी त्यांचा आजवर कुणाचा आला नव्हता इतका तिटकारा आला, कारण त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही समजून घेण्याची तयारी होती. "नाही," ती म्हणाली. "मिस्टर वुटके." तेव्हा कुठं तो चेहरा मिटला. मफलर घशाशी धरून बाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. वीस वर्षांत तिथं कुणी लोर्नाकडे इतकं नीट बघितलं नव्हतं.

ब्रेडीला कॉलेजनं रॅसीनच्या एका दवाखान्यात हलवलं. तिथं त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं आणि उन्हाळ्याच्या शेवटी तो पास झाला असं कर्टिसकडून कळलं. जाताना तो तिला भेटायला आला होता. चिडलेला होता, आणि चिडल्यावर त्याचा चेहरा पहिल्यांदाच थोडा शहाण्या माणसासारखा दिसत होता. "मी सांभाळलं होतं ना सगळं? कशाला सांगितलंत?" "म्हणूनच," ती म्हणाली. त्याला ते कळलं नाही. यापुढं लोर्नाच्या हाताखाली विद्यार्थी द्यायचा नाही असं कॉलेजनं कळवलं. कर्टिस तिला खोलीत बोलावून म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? पडला असता म्हातारा तर एक वेळ समजलो असतो. काही झालेलंच नसताना जाऊन कबूल कोण करतं?" त्यानं तिला काढलं नाही. काढलं असतं तर हिवाळ्यात दुसरं माणूस मिळालं नसतं, एवढंच त्याचं कारण. तिला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर हलकं वाटेल. लोक तसं म्हणतात. तसं काही झालं नाही. उलट सगळीकडे ती तिरस्काराचा हात फिरवून बघे, कर्टिसवर, त्या चित्रातल्या बाईवर, टाळ्या वाजवणाऱ्या नर्सांवर, आणि हात प्रत्येक ठिकाणी तिच्याकडेच परत येई, जणू आता दुसरीकडे कुठं त्याला पकड मिळत नव्हती.

ब्रेडी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एल्डन वुटकेची वेळ तिच्याकडे आली. तो खिडकीजवळ खुर्चीत बसला होता, दाढी केलेली, उजव्या गालाला साबणाचा वास. तिनं चाकं पायानं चाचपली. पायटेकू बाजूला केलं. पट्टा बांधला. त्यानं बांधू दिला.

"पोरगा कुठाय?"

"दुसरीकडे पाठवलं त्याला."

"कुणामुळं?"

"माझ्यामुळं."

"हं." त्यानं लुळा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला. "त्या दिवशी तू दारात होतीस."

"हो."

"मी बघितलं तुला."

"माहीत आहे मला." यापुढं काही म्हणायला हवं होतं. माफीचा शब्द तिला येत नव्हता असं नाही. पण तो तोंडात आला की ब्रेडीचा वाटे, म्हणून तिनं तो गिळला. ती त्याच्या डाव्या बाजूला गेली, अर्धं पाऊल मागे, तिच्या जागेवर.

"तिथं नाही," म्हातारा म्हणाला. "समोर ये."

"समोरून धरायची पद्धत नव्या लोकांसाठी असते. तुम्ही त्याच्या पुढं गेलायत. बाजूनंच..."

"समोर."

ती समोर गेली. तिनं आपले दोन्ही गुडघे त्याच्या गुडघ्यांना टेकवले, वाकून पट्टा दोन्ही बाजूंनी धरला. आता तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर होता. इतक्या जवळून कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचा तिला सराव नव्हता. गुडघे, टाचा, खांदे यांच्याकडे ती बघे. त्याच्या श्वासाला कॉफीचा वास होता. लोंबणाऱ्या पापणीच्या आतली लाल कड दिसत होती. आणि तो तिच्याकडे बघत होता, पायांकडे नाही, खिडकीकडे नाही. तिनं कामावरचा चेहरा आणायचा प्रयत्न केला, तो कोरडा, बिनचूक, मिसेस थॉर्सनकडून मिळालेला; पण तो येईना. दुसरा कुठला चेहरा आपल्याकडे आहे हे तिला आठवेना. जो होता तो तसाच, उघडा, त्याच्यासमोर होता.

"सांग आता," तो म्हणाला.

"नाक पुढं," लोर्ना म्हणाली.

तो उठला. पूर्ण भार तिच्या हातांत आला, मग थोडा कमी झाला. डावा गुडघा थरथरून तिच्या गुडघ्यावर दाबला आणि थांबला. तो उभा होता आणि ती त्याला धरून होती. सगळा वेळ त्याची नजर तिच्या तोंडावरून हलली नाही. रस्त्यावर बर्फ किती घट्ट बसलाय ते गाडीतून पारखणाऱ्या माणसाची नजर. त्याला तिथं काय दिसलं, ते त्यानं सांगितलं नाही.

"बसव," तो म्हणाला.

तिनं त्याला सावकाश, पाठ खुर्चीला टेकेपर्यंत, खाली बसवलं.

"आता पुन्हा."